डाव्या पायाचं लोखंड

नगर जिल्ह्यात पुन्हा पाऊल टाकणार नाही, अशी शपथ मी सुप्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून घेतली. पुण्याहून निघून तेव्हा जेमतेम अर्धा दिवस झाला होता.

शपथेला कारण होतं. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून नगरच्या मोटारी हल्ली कोळशाच्या धुरावर चालतात. 'चालतात' हे मी मोटारमालकाचं मन राखण्यासाठी लिहितो आहे. मोटारीच्या पाठीवर एक उभी टाकी बसवलेली असते. तिच्यात कोळसे पेटवायचे, क्लीनरने पंखा फिरवून ते फुलवायचे आणि तो धूर म्हणे इंजिनात जाऊन पेट्रोलचं काम करतो. शिरूरपर्यंत त्यातला निम्मा धूर इंजिनात गेला असेल. उरलेला आम्हा उतारूंच्या नाकातोंडात गेला. चढ आला की कंडक्टर ओरडायचा, "उतरा मंडळी, लोटा!" मी इतिहासाचा मास्तर आहे. माझ्या अंगावर धुतलेला कोट होता. सुप्याच्या अलीकडच्या चढावर टाकीतले कोळसे विझले आणि कंडक्टर शांतपणे विडी ओढत म्हणाला, "आता तासभर तरी न्हाई हालायची. बसा निवांत."

बसलो. समोर मैलोन्‌मैल बरड (मुरमाड, पडीक जमीन), मधूनच एखादं बाभळीचं झाड आणि वर डिसेंबरचं कोरडं, निळं आभाळ. निवांत वाटण्यासारखं त्यात खूप होतं, पण मला निवांत वाटत नव्हतं. मला रावसाहेबांचा राग येत होता.

रावसाहेब म्हणजे ज्यांच्यापायी ही पायपीट ते गृहस्थ. नगरच्या छावणीच्या कचेरीत त्यांनी हेडक्लार्क म्हणून उभी नोकरी काढली. तिथल्या घोडतोफखान्याच्या एका पलटणीवर त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी इंग्रजीत एक लहानशी पुस्तिका लिहिली होती. आता पेन्शन घेऊन पुण्यात राहतात आणि दिवाणखान्याशेजारच्या खोलीत जुनी हत्यारं मांडतात. त्याच विषयावर मराठीत मोठा ग्रंथ व्हावा अशी त्यांची इच्छा, आणि तो लिहायला त्यांनी मला धरलं. नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"माझ्याकडे तलवारी आहेत, खोगीर आहे, बिगूल आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या पायाची लोखंडं तेवढी नाहीत. जोडी हवी. नगरला मिळेल. नाहीच मिळाली, तर काष्टीला याकोब नावाचा जुना ड्रायव्हर आहे. पुस्तिकेत तोफ उलटल्याचा अपघात आहे ना, त्या वेळी उडी टाकून पळाला तो हाच. त्याच्या डाव्या पायाचं लोखंड वाकलं होतं. ते मिळालं तर काय, सोन्याहून पिवळं!"

पायाचं लोखंड म्हणजे चामड्याचं जाड गेटर आणि त्यावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ठोकलेली लोखंडी पट्टी. घोडतोफखान्याच्या ड्रायव्हरने ते पायाला बांधायचं. हे मला पाठ होतं. अपघाताचा मजकूरही मी रावसाहेबांच्या पुस्तिकेतून माझ्या वहीत मराठी करून उतरवला होता, तोही जवळपास पाठ होता. पाठ असणं आणि समजणं यांत किती अंतर असतं, ते या प्रवासात कळायचं होतं.

मोटार सुरू झाली ती दुपार कलल्यावर. नगरच्या वेशीत शिरलो तेव्हा माझा कोट कोणत्या रंगाचा होता हे शिंप्यालाही ओळखता आलं नसतं.

नगरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी गरम भजी आणि गुळाचा चहा घेतला आणि छावणीकडे निघालो. साखर रेशनवर, त्यामुळे चहात गूळ. गूळही इतका काळा की चहा कोणता आणि काढा कोणता हे विचारून घ्यावं लागलं. पण हवा सुरेख होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं, लांबवर उघडं मैदान आणि मैदानापलीकडे जुने दगडी तबेले दिसत होते.

याच मैदानावर एके काळी घोडतोफखाना दौडायचा. वाचकांना तो प्रकार थोडक्यात सांगतो. साध्या तोफखान्यात गोलंदाज तोफेच्या गाड्यावर बसतात किंवा पायी चालतात. घोडतोफखान्यात प्रत्येक गोलंदाजाला स्वतःचं घोडं असतं, त्यामुळे रिसाला जितक्या वेगाने जाईल तितक्या वेगाने तोफही जाते. तोफ ओढायला सहा घोडी, म्हणजे तीन जोड्या: पुढची, मधली आणि तोफेच्या लगतची चाकाची जोडी. चाकाच्या जोडीच्या मधून गाड्याची लाकडी दांडी पुढे आलेली असते. प्रत्येक जोडीला एक ड्रायव्हर. तो डाव्या घोड्यावर स्वार होतो आणि उजवं घोडं लगाम धरून सोबत दौडवतो. कंपनी सरकारच्या दिवसांत तोफांवर आपलीही माणसं होती. सत्तावन्न सालानंतर सरकारचा विश्वास उडाला आणि डोंगरी तोफखाने सोडले तर तोफ हिंदी माणसाच्या हातात द्यायची नाही असं ठरलं. घोडी मात्र आपल्या माणसांनी खरारा केलेली चालत होती, आणि पुढे पुढे हाकलेलीही चालू लागली. मग आल्या मोटारी. लढाईच्या थोडंसं आधी घोडी गेली, ड्रायव्हर घरी गेले, तबेल्यांत आता रणगाड्यांच्या तेलाची पिंपं ठेवतात.

हे सगळं मी मैदानाच्या कडेला उभा राहून वहीत टिपून घेत होतो, तोच मागून आवाज आला.

"काय लिवताय?"

पोलीस हवालदार होता. लढाई चालू आहे, छावणीच्या तोंडाशी एक अनोळखी इसम उभा राहून वहीत तोफांबद्दल लिहितो आहे, किल्ल्यात कोण कोण पुढारी बंदीत आहेत ते सगळ्या नगरला ठाऊक, आणि त्यात माझा तो कोट. त्याच्या जागी मी असतो तर मीही हटकलं असतं, पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इतिहास लिहितोय," मी म्हणालो.

त्याने वही घेतली आणि एक-एक अक्षर लावत वाचलं. "सहा तोफा... कुठं हायेत ह्या?"

"गेल्या."

"कुठं गेल्या?"

"अहो, कंपनी सरकारच्या वेळच्या आहेत त्या!"

"मग आत्ता कशापायी चौकशी?"

त्याने मला सोबत चालायला लावलं. चौकीवर दोन तास बसवून घेतलं. शेवटी फौजदारांचा मुलगा मी शिकवतो त्याच इयत्तेत असल्याचं निघालं आणि मुलाच्या सनावळ्या पाठ कशा करून घ्याव्यात हे सांगितल्यावर माझी सुटका झाली.

तिथून तडक भंगारबाजार गाठला. तबेले रिकामे झाले तेव्हा लिलावात सामान घेतलेले एक बागवान चाचा तिथे बसतात. त्यांनी ढिगात हात घालून नालांच्या माळा, गंजलेले लगाम बाहेर काढले आणि अखेर माझ्यापुढे पायाची पाच लोखंडं ओळीने ठेवली. मला इतका आनंद झाला की हवालदाराला मनातल्या मनात माफ करून टाकलं. मग एक-एक उचलून पायाला लावून पाहिलं. पट्टी बाहेरच्या अंगाला येते, बंद मागे. पाचही उजव्या पायाची.

"डावी कुठं आहेत?" मी विचारलं.

चाचांनी ढीग पुन्हा उपसला. "नाही दिसत. आली तेव्हाच अशी आली, साहेब."

"असं कसं होईल? पाच माणसांनी उजवी तेवढी विकली आणि डावी घरी ठेवली?"

"आता कुणाच्या मनात काय असतं, ते अल्ला जाणे," चाचा म्हणाले. "उजवी दोन घेऊन जा की. काचेच्या कपाटात कोण बघतंय?"

मी चिडलो. इतिहासात असली फसवणूक चालत नाही, जोडी म्हणजे जोडी, असं मी त्यांना चांगलं खडसावून सांगितलं. चाचांनी मान डोलवली आणि माझ्यासाठी एक उजवं बाजूला काढून ठेवलं. डावं काष्टीला होतंच. ते आणायचं आणि जोडी पुरी करायची. मी किती काटेकोर माणूस आहे, याचं त्या वेळी मला मोठं कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने काष्टीला उतरलो. गाडी उशिरा आली हे लिहायला नकोच. स्टेशनातून गावाकडे निघालो तेव्हा बाजारातून वैरणीची पेंढी घेऊन चाललेला एक शेतकरी सोबतीला मिळाला. कुणाकडे जायचं, त्याने विचारलं. याकोब ड्रायव्हरकडे म्हटल्यावर त्याची चाल मंदावली.

"तुमी सरकारी का?"

"नाही. तोफखान्याचं पुस्तक लिहितोय."

"मंग तुमाला ठावंच आसंल. उडी टाकली त्यानं. अन् त्याच्या म्होरं मदल्या जोडीवर आमचा गोपाळा हुता, त्यो तोफंखाली गेला. दोगं एकाच गावचे, एकाच दिशी भरती झाल्याले." त्याने पेंढी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "गोपाळाची भन हाय, सरूबाई. बांधाला बांध हाय दोगांचा. इस वरसं झाली, ती त्याचं त्वांड बगत न्हाई. तिच्याकडं एक बैल, ह्याच्याकडं एक बैल. पर सावड म्हनून करायची न्हाई. ती बैल घिऊन वड्यापल्याड जाती, ह्यो मिशनच्या मळ्यात जातो."

सावड म्हणजे ज्यांच्याकडे एकेकच बैल आहे अशा दोघांनी बैल जोडून आळीपाळीने एकमेकांचं शेत कसायचं, ही इकडची रीत. मी म्हटलं, वीस वर्षं ही मोठी मुदत झाली.

"सादं ऐकिव असतं तर इसरली असती वो," तो म्हणाला. "पर छापून आल्यालं हाय ना."

छापून आलेलं माझ्याच पिशवीत होतं. का कोण जाणे, पिशवी उगीचच जड वाटायला लागली.

याकोबबाबांचं घर गावाच्या कडेला, मळ्यातच. दारावर नाताळासाठी कागदाची चांदणी टांगलेली, आतून करंज्या तळल्याचा वास. बाबा साठीच्या पुढचे, ताठ, उजव्या पायाने किंचित लंगडणारे. बैलाला पाणी दाखवायला नेत होते. एकटाच बैल, पण बाबा त्याच्या डावीकडून, उजवा हात लांब करून, असे चालत होते की जणू मधे आणखी एक जनावर आहे.

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. रावसाहेबांचं नाव निघताच बाबांचा चेहरा मिटला. पण माणूस पाहुण्याला उपाशी पाठवणाऱ्यातला नव्हता. त्यांच्या कारभारणीने शेंगोळं (हुलग्याच्या पिठाची मुटकी लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली) आणि बाजरीची भाकरी वाढली. तीन दिवसांत पहिल्यांदा मला कशाचीही तक्रार करावीशी वाटली नाही.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "लोखंड बगायचं तर बगा. पर आदी येक काम करा. त्या दिसाचं तुमच्या वहीत काय लिवलंय, त्ये वाचून दावा."

"तुम्हाला ठाऊक आहेच की."

"गावच्या मास्तरनी येकदा इंग्रजीतनं सांगितलं हुतं, वरवर. उडी टाकली अन् मानूस मेला, येवडंच. समदं कुनी वाचलं न्हाई."

मी वही काढली तेव्हा बांधापलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. पन्नाशीतली, उन्हाने रापलेली बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. पुण्याहून पुस्तकवाला आल्याचं तिच्या कानावर गेलं असणार. बाबांनी तिकडे पाहिलं नाही, पण मला म्हणाले, "जरा मोट्यानं वाचा."

मी वाचलं. माझंच मराठी, पल्लेदार, वर्गात वाचतो तसं: "तोफ उतारावर भरधाव असता चाकाच्या जोडीच्या ड्रायव्हराचे धैर्य खचले. त्याने घोडा सोडून उडी टाकली. पडताना त्याच्या डाव्या पायाचे लोखंड खडकावर आपटून वाकले. बेवारस झालेली तोफ पुढच्या मधल्या जोडीवर जाऊन आदळली आणि—"

"काय म्हनला?"

बांधापलीकडून आवाज आला होता. सरूबाई बांध ओलांडून आली.

"परत वाचा. कोन्त्या पायाचं?"

"डाव्या," मी जरा त्रासूनच म्हणालो. ऐन वाक्यात तोडलेलं मला खपत नाही.

"डाव्या पायात लोखंड कवा हुतं?" तिने मला विचारलं. मग वीस वर्षांत पहिल्यांदा बाबांकडे तोंड केलं. "कवा हुतं रं डाव्या पायात?"

"कदीच न्हवतं," बाबा म्हणाले.

मला काही उमजेना. मी म्हणालो, "अहो, दोन पायांना दोन लोखंडं असणारच. दुसरं तुमचं हरवलं असेल. नगरला चाचांकडे पाच उजवी पडली आहेत—"

बाबांनी मला हातानेच थांबवलं. ते उठून आत गेले, पोत्यात गुंडाळलेलं लोखंड घेऊन आले आणि ओट्याच्या कठड्यावर घोड्यावर बसावं तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले.

"ह्यो मी. डाव्या घोड्यावर. डावा पाय मोकळा, भाईर. त्याला काय हुतंय? उजव्या अंगाला दुसरं घोडं, अन् दोगांच्या मदी दांडी. उजवा पाय सापडतो त्यो मदी. दांडी लागती, घोडं चेंगारतं. म्हनून लोखंड. उजव्याच पायाला. अख्ख्या तोफखान्यात डाव्या पायाचं लोखंड न्हाई, मास्तर. तुमी पुस्तक लिवता न्हवं?"

'डाव्या घोड्यावर स्वार होतो.' हे मी स्वतः लिहिलं होतं. तीन वेळा तरी लिहिलं असेल. पाच लोखंडं हातात घेऊन पायाला लावली होती. त्या बिचाऱ्या चाचांना इतिहास शिकवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरूबाई तरातरा आपल्या घरी गेली आणि परतली ती पदराखाली काहीतरी घेऊन. गोपाळाच्या पेटीतून आलेलं त्याचं लोखंड. तिने ते ओट्यावर बाबांच्या लोखंडाशेजारी ठेवलं. दोन्ही एकाच पायाची. गोपाळाची पट्टी तेल लावून ठेवलेली, सरळ. बाबांची मधोमध आत वाकलेली आणि तिथे बोटभर खोल खोबण.

"रजंवर आला की मीच घासत हुते ह्ये," ती म्हणाली. "येकच असायचं. इचारलं हुतं मी त्याला, दुसरं कुटंय म्हनून. हसला हुता." तिने बाबांचं लोखंड उचललं आणि खोबणीत बोट घातलं. "ह्ये कशानं?"

"दांडी मोडली. उताराच्या आदीच मोडली. मोडल्यालं टोक लोखंडावर बसलं. पाय रिकिबीतच हुता. दांडी मोडल्यावर तोफ धरायची कशानं? घोडी मागं रेटली मी, लई रेटली. मी वरडलो त्याला. गोपाळा, भाईर काड, भाईर काड जोडी! त्यानं मागं बगितलं बी." बाबांनी कठड्यावरून पाय खाली घेतला. "मंग तोफच आली."

सरूबाई बराच वेळ ते लोखंड उलटंसुलटं करत होती. मग हळूच म्हणाली, "उडी टाकली असती तर ह्यो पाय आदी सुटला असता."

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईस इतकी वरसं?"

"बोललो की, सरू. तुज्या दारात उबा ऱ्हाऊन बोललो. तू म्हनलीस, छापील खोटं असतंय व्हय?"

ती खाली बसली आणि रडली. तिने तोंडही झाकून घेतलं नाही. याकोबबाबांची कारभारीण करंज्यांचा झारा हातात धरून दारातच उभी राहिली. मी वहीकडे पाहत होतो. माझंच अक्षर, शाई नीट टिपलेली, समासात 'उत्तम प्रसंग' अशी माझीच नोंद. मला स्वतःची लाज वाटली.

डोळे पुसून सरूबाईने माझ्याकडे मोर्चा वळवला. "ह्ये तुमी लिवलंय न्हवं?"

"पुस्तिकेवरून उतरवलंय."

"हात तुमचाच ना? मंग खोडा."

मी खोडलं. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक ओळीवरून रेघ गेली की नाही हे तिने वाकून पाहिलं.

"अन् ज्यानं पैल्यांदा लिवलं, त्याला बी सांगा. छापून खोडाया सांगा."

बाबांनी आपलं लोखंड पुन्हा पोत्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये दावा त्याला. ठिवून घिऊ नका पर. परत आना." मी परत आणीन असं वचन दिलं. शपथेची आठवण झाली ती नंतर.

दौंडकडे जाणारी गाडी चारला होती. मी निघालो तेव्हा सरूबाई बांधाशी थांबून मागे न वळता म्हणाली, "माजा बैल डावीकडं चालतो."

"माजा उजवीकडं," बाबा म्हणाले.

"ठावं हाय. रोज बगती."

पुण्याला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी रावसाहेबांकडे गेलो. त्यांनी आतुरतेने पोतं सोडलं, लोखंड बाहेर काढलं आणि पोत्यात पुन्हा हात घालून पाहिलं.

"जोडी कुठंय?"

"जोडी नसते," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. दिवाणखान्यातल्या खुर्चीवर स्वारासारखा बसून दाखवलं. उजवा पाय, दांडी, खोबण. मला वाटलं होतं ते चपापतील. ते फक्त वैतागले.

"एवढी वर्षं मी त्या कचेरीत काढली—"

"मैदानावर किती वेळा गेलात?"

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "हे पाहा, चौकशीचा कागद माझ्याच टेबलावरून गेला होता. त्यात एवढंच होतं: दांडी मोडली, तोफ उलटली, एक ड्रायव्हर ठार, एकाच्या पायाचं लोखंड वाकलं. बास. आता लोखंड वाकलं याला काही कारण द्यायला नको? वाचणारा विचारेल. मी विचार केला, माणसाने उडी टाकली असणार. डावीकडेच टाकणार. म्हणजे डाव्या पायाचं."

"कागदात उडी नव्हती?"

"नव्हती. पण तर्काला धरून आहे."

"म्हणजे उडी तुम्ही मारलीत, रावसाहेब."

ते लाल झाले. पुस्तिका साहेब लोकांनी वाखाणलेली आहे, एका ड्रायव्हरसाठी तिच्यात दुरुस्ती छापून स्वतःचं हसं करून घेणार नाही, ग्रंथातही मजकूर तसाच राहील, पटत नसेल तर दुसरा लेखक पाहू, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मी लोखंड पोत्यात गुंडाळलं, वही उचलली आणि जिना उतरलो. खाली आल्यावर छत्री वर राहिल्याचं लक्षात आलं. ती तिथेच राहू दिली.

तेव्हापासून विचार करतो आहे. रावसाहेबांवर संतापणं सोपं आहे आणि मी ते अजून रोज करतो. पण पुस्तिकेतली ती ओळ मला इतकी आवडली होती, की ज्या पायाला लोखंड लागतं तो कोणता, हे एकदा स्वतः बसून पाहावं असं मला एवढ्या महिन्यांत वाटलं नाही. पाच उजवी लोखंडं समोर ठेवली तरी मी डावी मागत बसलो. असल्या माणसाच्या हातात मुलांचा इतिहास आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

येत्या बाजाराच्या दिवशी मी पुन्हा काष्टीला निघालो आहे. दौंडला गाडी बदलावी लागते, ती उशिरा येईल आणि मी चिडेन. पिशवीत बाबांचं लोखंड आहे. सोबत या लेखाचा अंक नेतो आहे, तिथल्या मास्तरांकडून बांधावर मोठ्याने वाचून घेण्यासाठी. सरूबाईंना छापील लागतं. तर हे घ्या छापील: चाकाच्या जोडीचे ड्रायव्हर याकोब यांनी उडी टाकली नव्हती.